पूल टेबल : देखभाल व जीर्णोद्धार

पूल हा बिलियर्ड्स कुलातील खेळ ज्या टेबलावर खेळतात, ते पूल टेबल होय. लाकडी चौकटीवर बसविलेल्या पाटीच्या दगडाच्या सपाट लाद्या, त्यांवर ताणून बसविलेली लोकरी बनात, चारही बाजूंना आतून लावलेल्या रबरी पट्ट्या म्हणजे कुशन आणि चार कोपऱ्यांवर व दोन लांब बाजूंच्या मध्यावर मिळून सहा पॉकेटे, अशी त्याची रचना असते. चेंडूला कोणताही बाह्य अडथळा न होता त्याने सरळ रेषेत जावे व कडेवर आपटून अपेक्षित कोनात परतावे, एवढेच या टेबलाचे काम. परंतु ते साधण्यास साडेतीनशेहून अधिक वर्षांचे प्रयत्न लागले. या प्रयत्नांत टेबलाच्या घटकांचे दोन वर्ग पडत गेले : दगड व चौकट हे शतकभराहून अधिक काळ टिकणारे, तर बनात, रबर व सांध्यांतील भरण हे झिजणारे आणि बदलावयाचे. घरगुती टेबलाची देखभाल किंवा जीर्णोद्धार करताना हा भेद ध्यानात न घेतल्यास टिकाऊ भाग फुकट जातो व नाशवंत भागांवर व्यर्थ खर्च होतो. म्हणून टेबलाचा इतिहास हाच त्याच्या दुरुस्तीचा आधार ठरतो.

लाकडी टेबलांचा काळ : हिरवळीवर चेंडू ढकलण्याचा खेळ पंधराव्या शतकात यूरोपात घरात आला, असे सामान्यतः मानले जाते. टेबलावरील हिरवी बनात ही त्या हिरवळीची खूण होय. फ्रान्सचा राजा अकरावा लुई (कार. १४६१–८३) याच्या पदरी असे टेबल असल्याचा उल्लेख मिळतो. स्कॉटलंडची राणी मेरी हिने कैदेत असताना, १५७६ मध्ये, आपले बिलियर्ड्स टेबल काढून घेतल्याची तक्रार केली होती.

चार्ल्स कॉटन या इंग्रज लेखकाच्या १६७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द कम्प्लीट गेमस्टर या ग्रंथात तत्कालीन टेबलाचे तपशीलवार वर्णन आहे. त्या वेळी पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे, त्यावर गाठी नसलेली बारीक हिरवी बनात असे आणि कडांत लोकरीचे वा कापसाचे भरण घातलेले असे. खरोखर समतल असे टेबल क्वचितच आढळते, असे सांगून कॉटनने त्याची तीन कारणे दिली आहेत. न मुरलेल्या लाकडाच्या फळ्या वाकतात. टेबलाखालील जमीन मुळातच उंचसखल असते. आणि टेबलाच्या व खेळणाऱ्यांच्या भाराने ती कालांतराने खचते. त्यानंतरच्या सुधारणांनी यांपैकी पहिले कारण बहुतांशी नाहीसे केले. उरलेली दोन कारणे मात्र आजही तशीच आहेत आणि घरातील टेबलाच्या बहुतेक तक्रारी त्यांतूनच उद्भवतात.

पाटीचा दगड व रबर : लंडनच्या जॉन थर्स्टन याने १७९९ मध्ये लाकडी सामानाचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो मुख्यतः बिलियर्ड्सच्या टेबलांकडे वळला. लाकडाला पर्याय म्हणून १८२६ च्या सुमारास त्याने पाटीच्या दगडाचा पृष्ठभाग वापरात आणला. हा रूपांतरित खडक पातळ थरांत सहज फुटतो, घासून अत्यंत सपाट करता येतो, पाणी फारच थोडे शोषतो आणि हवेतील आर्द्रतेने वाकत नाही. तो जड असल्याने टेबल जागचे हलत नाही, हाही एक लाभ. शाळकरी मुलांच्या पाटीचा व कौलांचा हा दगड वेल्समध्ये विपुल होता. पुढे इटलीच्या लिग्यूरिया भागातील दगडालाही या कामासाठी मोठी मागणी आली. तेथील लाव्हान्या या गावाचे नावच इटालियन भाषेत शाळेच्या फळ्यासाठी रूढ आहे.

कडांचा प्रश्न याहून अवघड ठरला. लोकरीच्या वा कापसाच्या भरणाने चेंडू मंद व अनियमित परतत असे. थर्स्टनने १८३५ च्या सुमारास नैसर्गिक रबराच्या कडा आणल्या, तथापि थंडीत हे रबर कडक होई आणि खेळापूर्वी कडांना ऊब द्यावी लागे. राणी व्हिक्टोरियासाठी विंझर राजवाड्यात बसविलेल्या टेबलाबरोबरही कडा गरम करण्याची साधने दिलेली होती. अमेरिकेत चार्ल्स गुडइअर व इंग्लंडमध्ये टॉमस हॅंकॉक यांनी गंधकाच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया सिद्ध केल्यावर थर्स्टनने १८४५ मध्ये अशा व्हल्कनित रबराच्या कडांचे एकस्व घेतले. थंडीचा प्रश्न मिटला. परंतु रबर हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांच्या परिणामाने हळूहळू कडक होऊन चिरते, हा त्याचा स्वभाव राहिलाच. दगडाने टेबलाला दीर्घायुष्य दिले, तर रबराने ठराविक काळाने करावयाची एक दुरुस्ती कायमची मागे लावली.

काठी, खडू व चेंडू : प्रारंभी चेंडू रुंद डोक्याच्या दांड्याने ढकलीत. त्या दांड्याच्या निमुळत्या शेपटाने मारण्याच्या सवयीतून क्यू ही काठी आली. फ्रेंच कॅप्टन मँगो याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी क्यूच्या टोकास चामड्याची टोपी बसविली आणि चेंडूस हवी तशी फिरकी देणे शक्य झाले. चामडे चेंडूवरून घसरू नये म्हणून त्यास खडू लावू लागले. विल्यम स्पिंक्स व विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये एकस्व घेतलेल्या खडूत सिलिका व कुरुविंद यांचे कण होते. हे कण घर्षक असतात. खेळाडूच्या हातून गळलेली खडूची भुकटी बनातीत रुतून बसते आणि धागे कातरते, हे देखभालीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

चेंडू दीर्घकाळ हस्तिदंताचे होते. एका सुळ्यातून उत्तम प्रतीचे मोजकेच चेंडू निघत आणि तापमान बदलताच त्यांना तडे जात. हस्तिदंताच्या टंचाईमुळे अमेरिकेतील फेलन व कॉलेंडर या टेबल उत्पादक संस्थेने १८६३ मध्ये पर्यायी पदार्थासाठी दहा हजार डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. त्यातून प्रेरणा घेऊन जॉन वेस्ली हायट याने सेल्युलॉइडचा विकास केला. या पदार्थाने प्लॅस्टिक उद्योगाचा पाया घातला गेला. परंतु तो ज्वालाग्राही असल्याने जुन्या टेबलाबरोबर मिळालेले तसे चेंडू उष्णतेपासून दूर ठेवावे लागतात. विसाव्या शतकात फिनॉलिक रेझिनाचे चेंडू आले व आज तेच प्रमाण मानतात. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये घेतलेल्या निर्णयाने बंदी आल्यामुळे जुन्या हस्तिदंती चेंडूंच्या वा जडावाच्या खरेदीविक्रीस कायद्याच्या मर्यादा पडल्या आहेत.

अमेरिकेतील प्रसार : पूल टेबलाचे आजचे रूप मुख्यतः अमेरिकेत घडले. आयर्लंडमध्ये जन्मलेला मायकेल फेलन हा खेळाडू, लेखक व उत्पादक होता. त्याचा या खेळावरील ग्रंथ १८५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुशनांच्या रचनेत त्याने अनेक सुधारणा केल्या. स्वित्झर्लंडहून आलेल्या जॉन मोझेस ब्रन्झविक याने १८४५ मध्ये सिनसिनॅटी येथे टेबले बनविण्यास प्रारंभ केला. पुढे १८८४ मध्ये या दोन परंपरांच्या संस्था एकत्र येऊन ब्रन्झविक-बाल्क-कॉलेंडर ही कंपनी स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन टेबले रोझवुडचे व्हिनिअर, जडावकाम, कोरीव पाय, क्वचित सिंहाच्या आकाराचे ओतीव लोखंडी पाय अशा अलंकरणाने नटलेली आढळतात. ती आज जीर्णोद्धारकांच्या विशेष आस्थेचा विषय आहेत.

‘पूल’ ही संज्ञा सर्वांनी मिळून लावलेल्या पणाच्या रकमेवरून आली. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या जागांना पूलरूम म्हणत व शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तेथे टेबले मांडलेली असत. त्यामुळे खेळालाच काहीशी बदनामी चिकटली. विसाव्या शतकाच्या मध्यास या खोल्यांना उतरती कळा लागली. १९६१ मध्ये प्रदर्शित झालेल्या द हसलर या चित्रपटाने खेळाविषयी पुन्हा कुतूहल जागे केले आणि टेबल मोठ्या प्रमाणावर घरांत आले. अशा रीतीने ज्या वस्तूची निगा पूर्वी खोलीचा मालक व त्याचे कारागीर राखीत, तिची जबाबदारी गृहस्थावर पडली. घर बदलताना वा वारसाहक्काने मिळालेले टेबल नकोसे झाले, की ते हलविण्याचा खर्च जड वाटतो आणि ते मोडीत निघते. सुस्थितीतील दगड व शतकापूर्वीची चौकट अशा वेळी केवळ फाटकी बनात व कडक झालेले रबर यांच्यापायी नष्ट होते.

रचना व मापे : स्पर्धांसाठी वापरले जाणारे नऊ फुटी टेबल खेळण्याच्या जागेत २५४ × १२७ सेंमी. असते. घरांत बहुधा आठ फुटी, म्हणजे सु. २२४ × ११२ सेंमी. मापाचे टेबल आढळते. पृष्ठभागाची जमिनीपासूनची उंची सु. ७४ ते ७९ सेंमी. ठेवतात. चेंडूचा व्यास ५७.१५ मिमी. व वजन १५६ ते १७० ग्रॅ. असते. लाद्या सामान्यतः तीन असून त्यांची जाडी किमान २५.४ मिमी. असावी, असा स्पर्धांचा दंडक आहे. नऊ फुटी टेबलाच्या एवढ्या जाडीच्या तिन्ही लाद्यांचे एकत्रित वजन अडीचशे किग्रॅ. हून अधिक भरते. पृष्ठभागाच्या सपाटपणात लांबीच्या दिशेने सु. ०.५ मिमी. व रुंदीच्या दिशेने सु. ०.२५ मिमी. एवढीच तफावत मान्य होते. कुशनाची धार चेंडूच्या व्यासाच्या सु. ६३.५ टक्के उंचीवर, म्हणजे सु. ३६ मिमी. वर असावी लागते. ती खाली असल्यास चेंडू उसळतो व वर असल्यास दाबला जाऊन मंद परततो. क्यू मोकळेपणाने चालावी म्हणून टेबलाभोवती सर्व बाजूंनी सु. दीड मी. जागा सोडतात.

नित्य देखभाल : टेबल उन्हापासून, उष्णतेच्या साधनांपासून व ओलाव्यापासून दूर ठेवणे ही पहिली काळजी. उन्हाने बनातीचा रंग उडतो व रबर लवकर म्हातारे होते. दमट हवेने लोकर ओलावा धरते, बनात सैल पडते आणि चेंडू जड चालतो. खेळ संपल्यावर टेबल झाकावे. खडू लावताना क्यू टेबलाच्या बाहेर धरावी व खडू कडेवर पालथा ठेवू नये.

बनातीचे दोन प्रकार आहेत. इंग्लिश बिलियर्ड्स व स्नूकरच्या टेबलांवर लव असलेली बनात असते. तिच्यावर लवीच्या दिशेनेच ब्रश फिरवितात व नंतर त्याच दिशेने कोमट इस्त्री करतात. पूल टेबलावर बहुधा पीळदार सुताची, लव नसलेली बनात असते. बेल्जियममधील व्हर्व्हिए येथे अशा कापडाच्या विणकामाची जुनी परंपरा आहे. अशा बनातीस इस्त्रीची गरज नसते. मऊ ब्रशाने एकाच दिशेने झाडून कुशनाखाली साचलेली भुकटी काढावी. गोलाकार घासू नये. द्रव सांडल्यास तो न घासता कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. चेंडू सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. मळलेले चेंडू बनातही मळवितात. कोपऱ्यावर बसणे वा भरलेले टेबल एका टोकाने उचलून सरकविणे यांमुळे लाद्यांचे सांधे उघडतात.

जीर्णोद्धार : कामास हात घालण्यापूर्वी निदान करावे लागते. प्रथम पृष्ठभाग दगडाचा आहे, की लाकडाच्या भुशापासून बनविलेल्या दाबीव फळीचा आहे, हे खालून पाहून ठरवितात. अशी फळी ओलाव्याने एकदा वाकली की सरळ होत नाही आणि तिच्यावर खर्च करणे व्यर्थ ठरते. पृष्ठभाग दगडाचा असल्यास बाकीचे सर्व दोष बहुधा दुरुस्त होण्याजोगे असतात. चेंडू संथपणे वेगवेगळ्या दिशांनी सोडल्यास उतार कळतो. कुशनांची परीक्षा चेंडू लांबीच्या दिशेने जोराने मारून करतात. तो टेबलाची लांबी किमान चार ते साडेचार वेळा पार करीत असेल, तर रबर ठीक समजावे. चेंडू एकाच जागी मंद होत असेल, तर रबर बदलण्यापूर्वी कडांचे बोल्ट आवळून पहावेत. पुष्कळदा रबर शाबूत असते, पण कडा सैल झालेल्या असतात किंवा रबर लाकडापासून सुटलेले असते.

टेबल उकलण्याचा क्रम ठरलेला आहे : पॉकेटे, कडा, बनात व शेवटी लाद्या. प्रत्येक भागावर क्रमांक व दिशा यांची खूण करतात, कारण एका टेबलाच्या लाद्या एकत्र घासून जुळविलेल्या असतात व त्यांची अदलाबदल चालत नाही. लादीवर खिळलेल्या स्क्रूंची डोकी मेणाने वा लुकणाने झाकलेली असतात; ती शोधून मोकळी केल्याविना लादी उपसल्यास ती स्क्रूच्या भोकापाशी फुटते. एकेक लादी सु. ९० किग्रॅ. वजनाची असल्याने ती दोनतीन माणसांनी व नेहमी उभी धरून न्यावी; आडवी धरल्यास ती स्वतःच्याच भाराने तडकू शकते. हे काम एकट्याने करू नये.

पुनर्जोडणीत चौकट प्रथम समतल करतात. तिच्यावर लाद्या ठेवून स्क्रू हलके आवळतात आणि पाणसळ लावून जेथे खोलगट असेल, तेथे लादीखाली पातळ पाचरी सारतात. शेजारच्या लाद्यांच्या कडा बोटाने जाणवणार नाहीत इतक्या एका पातळीत आल्यावर सांधे भरतात. यासाठी वितळविलेले मधमाश्यांचे मेण ओतून पात्याने खरवडण्याची पद्धत जुनी आहे. मेण पुढच्या वेळी सहज निघते हा त्याचा गुण. परंतु उष्ण हवेत ते मऊ होते, म्हणून तेथे कडक होणारे लुकण पसंत करतात. कॉटनने सांगितलेले जमिनीचे दोष येथेच निस्तरावे लागतात. नव्याने बसविलेले टेबल भाराने किंचित बसते, यास्तव काही महिन्यांनी पाणसळ पुन्हा लावून पाहणे इष्ट असते.

बनात सर्व बाजूंनी सारख्या ताणाने ओढून लाद्यांखालील लाकडी पट्टीस पिनांनी किंवा, अशी पट्टी नसल्यास, दगडास चिकटद्रव्याने बसवितात. ताण असमान झाल्यास सुरकुत्या पडतात व चेंडू वळतो. कडांवरील बनात खाचेत ठोकलेल्या पातळ लाकडी पट्टीने धरलेली असते. ती सावकाश उचकटून जपून ठेवावी. नवे रबर निवडताना त्याचा छेद मूळ रबराशी जुळतो की नाही हे पहावे लागते. वेगळ्या आकाराचे रबर लाविल्यास कुशनाच्या धारेची उंची बदलते आणि उत्तम दगडावरही खेळ बिघडतो. नवशिक्यांच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य चूक होय.

लाकूडकामात संयम हाच मुख्य गुण. जुन्या टेबलांवर बहुधा लाखेचे पॉलिश असते. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटाचा बोळा लावल्यास ते विरघळते व ओळख पटते. अशा लेपाची दुरुस्ती त्यावरच नवा पातळ लेप देऊन होते, सरसकट घासण्याची गरज नसते. व्हिनिअर फार पातळ असल्याने यंत्राने घासल्यास ते कायमचे नाहीसे होते. ब्राझीलमधील रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून निर्बंध असल्याने मूळ तुकड्यांचे मोल अधिकच वाढले आहे. सुटलेले व्हिनिअर सरसाने चिकटविलेले असेल, तर सौम्य ऊब व ओल देऊन तो सरस पुन्हा मऊ करता येतो. म्हणून दुरुस्तीतही शक्य तेथे सरसच वापरावा. पुढच्या पिढीच्या कारागिराला तो उकलता येतो.

भारताशी संबंध : इंग्रजी अमदानीत छावण्या, क्लब व संस्थानिकांचे वाडे यांतून बिलियर्ड्सची टेबले भारतात आली. स्नूकर हा खेळ जबलपूर येथे १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलिन या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केला, असे मानले जाते व त्याचे नियम १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात लावण्यात आले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ मध्ये, तर मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळविले. किनारपट्टीवरील पावसाळा हा बनात व लाकूड यांचा मोठा शत्रू असून येथील टेबलाची निगा म्हणजे मुख्यतः ओलाव्याशी झुंज असते. दुसरीकडे, पाश्चात्त्य टेबलांवरील पॉलिशसाठी लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे.

मर्यादा : जीर्णोद्धाराची दोन उद्दिष्टे संभवतात, टेबल खेळण्यायोग्य करणे व त्याचे मूळ रूप राखणे. रबर, बनात व सांध्यांतील भरण यांबाबत दोहोंत विरोध नाही, कारण ते मुळातच बदलण्यासाठी असतात. चौकट, व्हिनिअर, जडाव व मूळ लेप यांबाबत मात्र एकदा केलेला बदल परत फिरविता येत नाही. काय काढले, काय नवे घातले आणि कोणत्या साली, याची नोंद चौकटीच्या आतील बाजूस लिहून ठेवण्याची काही कारागिरांची चाल या दृष्टीने अनुकरणीय आहे. टेबल बहुधा त्याच्या मालकापेक्षा अधिक जगते. त्यानंतर ते उघडणाऱ्यास त्या नोंदीवरून पुढील काम करता येते.